उंबऱ्याबाहेरची तालीम

अंबादास मास्तरांना चिक्केवाडीनं ‘चौकशी मास्तर’ असं नाव ठेवलं होतं, आणि ते उगाच ठेवलं नव्हतं. मास्तर मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. भाऊबंद पुष्कळ आणि देवळातल्या पाळ्या थोड्या, म्हणून त्यांनी निजाम सरकारची शाळेची नोकरी धरली आणि नळदुर्गच्या पलीकडं या कानडी वळणाच्या गावात येऊन पडले. माणूस सालस, पण डोक्यात प्रश्नांचा किडा. तेलाच्या घाण्यापाशी उभे राहिले की बैलाचे डोळे का बांधतात, असं विचारणार. उत्तर मिळालं की ते बैलाला पटलंय का, हेही विचारणार. कामाच्या घाईत असलेली माणसं त्यांना लांबून बघून गल्ली बदलायची.

एका जागी मात्र त्यांची चौकशी कधी पोचली नव्हती, ती म्हणजे त्यांची स्वतःची शाळा. मठाच्या पडवीत ती भरायची. पहिलीची ओळ, दुसरीची ओळ, तिसरीची ओळ. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ओरडायचं. ज्याला पाठ झालं तो हुशार, ज्याला झालं नाही तो ‘ढ’. मास्तर स्वतः असेच शिकले होते, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलंच नाही.

पहिलीच्या ओळीत शेवटी शिवकांता बसायची. किराणा दुकानवाल्या कल्याणप्पाची मुलगी, शाळेतली एकुलती एक पोरगी. तिची आई आळंदकडची, घरात सगळं कानडी. शिवकांता पहिलीत तिसऱ्यांदा बसली होती. उभं केलं की खाली बघायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. पोरं वरच्या वर्गात घालायची की नाही, हे वर्षातून एकदा येणारे तपासनीस साहेब ठरवायचे, आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला होती तिथंच ठेवली होती.

यंदा कल्याणप्पानं साफ सांगितलं, “मास्तर, पोरगी दुसरीत गेली तर शिकू द्या. न्हाय तर घरी बसंल. पाव्हणे बघायला याय लागलेत.”

मास्तरांना हे फार लागलं. एवढीशी पोर, अजून तिचे दुधाचे दात पुरते पडले नव्हते. पण तिला बोलतं कसं करायचं, हे त्यांना सुचेना. त्यांनी समजावलं, एकदोनदा छडीही दाखवली. ती आणखीच मिटून गेली.

अशात श्रावण लागला आणि मास्तर बहिणीच्या घरी तुळजापूरला गेले. ते नसताना तहसिलीचा चपराशी आला आणि पाटलांच्या ओट्यावर पाणी पिऊन तोंडी निरोप देऊन गेला. दसऱ्यानंतर मोहतमीम तालीमात साहेबांचा दौरा आहे, गावची तालीम बघणार आहेत, सगळं नीट ठेवा.

आता मोहतमीम तालीमात म्हणजे शाळांचे तपासनीस, आणि साहेबांच्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. चिक्केवाडीत तालीम म्हणजे मारुतीच्या मागं असलेली, लाल मातीच्या हौद्याची, जोर-बैठकांची तालीम. महालिंगप्पा पाटलांची छाती फुगली. सरकारला अखेर कुस्तीची किंमत कळली म्हणायची!

मास्तर परतले तेव्हा शाळेत चिटपाखरू नव्हतं. सगळी पोरं, सगळ्यांचे बाप, अख्खं गाव तालमीत. कुणी भिंत लिंपतंय, कुणी हौदा उकरतंय, कुणी मातीत ताक आणि तेल ओततंय, हळद कालवतंय. शाळेला एक पाटी द्या म्हटलं तर कानावर हात ठेवणारी माणसं हौसेनं घमेली वाहत होती. चपराश्याचा निरोप ऐकला आणि काय झालंय ते मास्तरांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी सांगायला तोंडही उघडलं, पण समोर जे दिसलं त्यानं त्यांचा किडा वळवळला आणि ते तसेच भिंतीला टेकून बघत बसले.

हौद्यात पोरं होती. त्यांचीच पोरं. पण इथं ओळ नव्हती. बिरदेव, जो शाळेत पाढा म्हणताना घाम पुसायचा, तो दोन लहानांना पट कसा काढायचा ते दाखवत होता. एकाला जमेना तर त्यानं बाजू बदलून, डाव्या अंगानं दाखवलं. जमलं की लगेच पुढचा डाव. कुणी कुणाला ‘ढ’ म्हणालं नाही. कोण कितवीत आहे, हे विचारायचीही सोय नव्हती.

मास्तरांनी हणमंतप्पा वस्तादांना गाठलं. “वस्ताद, तुम्ही यांना शिकवता कसं?”

वस्तादांनी मिशीवर ताव दिला. “मार! मारल्याबिगर कुस्ती येत न्हाय, मास्तर.”

मास्तर सकाळपासून बघत होते, वस्तादांनी कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मग पोरं शिकत होती ती कशानं? वस्तादांना ठाऊक नव्हतं. मास्तरांना तर नव्हतंच. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, इतका तो प्रश्न त्यांना आवडला.

पाटलांना खरा अर्थ त्यांनी एकांतात सांगितला. पाटील आधी लाल झाले, मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “मास्तर, आता ह्ये कुणाला बोलू नगा. शेजारच्या पाच गावांला सांगून बसलोय आमी.” थोडा विचार करून त्यांनीच तोड काढली. मठाची पडवी गळतेय, तालीम दुपारची रिकामी असते, तर शाळाच तालमीत भरवायची. “म्हंजे साह्येबाला कंची बी तालीम बघायची असंल, ती तिथंच घावंल!”

वस्तादांनी मान डोलावली, पण एक अट घातली. मारुतीची जागा आहे, पोरीची जात आत येणार नाही. मास्तर म्हणाले, “बरं, पुढं बघू.” नव्या जागेची त्यांना इतकी घाई झाली होती की या शब्दांत आपण काय कबूल केलं, ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शिवकांता उंबऱ्याबाहेर बसू लागली.

आत मजा होती. पहिल्या दिवशी मास्तरांची फजितीच झाली. वस्तादांसारख्या अंगापिंडानं जोड्या लावल्या, तर थोराड पोरं पाटीवरून खरोखरीच कुस्ती खेळली आणि दोन पाट्या फुटल्या. मग त्यांनी कुणाला काय येतं ते बघून जोड्या लावल्या. बेरीज येणाऱ्यानं न येणाऱ्याला शिकवायची. ज्याला जे जमलं त्यानं त्याच दिवशी पुढचं धरायचं, मग तो पहिलीतला असो की तिसरीतला. बिरदेवला पाढे पाठ होईनात, पण मातीत खडे मांडून तो भागाकार करायला लागला. “मास्तर, ह्ये तर वाटून घ्यायचंच हाय की! आधी का न्हाय सांगितलं?” त्यानं विचारलं, आणि मास्तरांनी त्याला आणखी खडे आणून दिले.

एका दुपारी ते पाणी प्यायला बाहेर आले. शिवकांता पायरीखालच्या धुळीत बोटानं काहीतरी काढत होती. त्यांना बघून तिनं ते पुसायला हात नेला.

“थांब थांब. काय लिहिलंयस?”

अक्षरं बाळबोध होती, शाळेतलीच. वळणदार, सुबक. ‘नीरु’. मास्तरांनी वाचलं, पण शब्द कळेना. “नीरु म्हणजे काय गं?”

तिनं त्यांच्या तांब्यातल्या पाण्याकडं बोट केलं.

मास्तर तिथंच धुळीत बसले. “दूध?”

तिनं लिहिलं, ‘हालु’.

“घर?”

‘मने’. आणि मग कुणी न विचारता तिनं ‘एम्मे’ लिहिलं, आणि मास्तरांना कळेना तेव्हा दोन्ही हात डोक्याशी नेऊन शिंगं करून दाखवली. म्हैस! मास्तर मोठ्यानं हसले. तीही हसली. तीन वर्षांत मास्तरांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

म्हणजे पोरीला सगळी अक्षरं येत होती. कधीची येत होती, देव जाणे. पुस्तकातले शब्दच तिचे नव्हते, आणि जे आपल्याला कळत नाही ते तोंडानं बडबडायचं नाही, एवढाच तिचा हट्ट होता. आणि आपण तिला मठ्ठ समजत होतो! मास्तरांना आनंदही झाला आणि स्वतःचा रागही आला. तिथून पुढं ते रोज थोडा वेळ उंबऱ्याबाहेर बसायचे. ती त्यांना कानडी शब्द द्यायची, ते तिला मराठी द्यायचे. कोण कुणाचा मास्तर, ते बघणाऱ्याला कळलं नसतं. बघता बघता ती पुस्तकातला धडा अर्थासकट वाचायला लागली. पण फक्त त्यांच्यापुढं. दुसरं कुणी आलं की तोंड मिटलं.

दसरा झाला आणि साहेब आले. पाटलांनी हलगी लावून त्यांना थेट तालमीत नेलं. साहेबांनी हौदा बघितला, बिरदेवचे जोर बघितले, “बहुत खूब” म्हणाले. मग विचारलं, “अखाडा तो देखा. अब तालीम दिखाइये.”

“हीच की साह्येब!” वस्ताद म्हणाले. पाटलांनी त्यांचा पंचा मागून ओढला आणि मास्तरांनी साहेबांना पटकन चावडीकडं वळवलं. तालमीच्या मातीत गादी-लोड टाकता येईना, म्हणून परीक्षेची तयारी तिथं केली होती.

पोरं एकेक करून पुढं आली. साहेब कडक होते, पण वाईट नव्हते. औरंगाबादकडचे असल्यामुळे त्यांना मराठी चांगली कळायची. बिरदेवनं खडे मागितले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण उत्तर बरोबर आलं.

शिवकांता उभी राहिली. साहेबांनी पुस्तक पुढं केलं. तिनं खाली बघितलं. चावडीच्या खांबाशी कल्याणप्पा हाताची घडी घालून उभा होता. मास्तर मनातल्या मनात म्हणत होते, वाच गं बाई, एक ओळ वाच!

तिची मान वर आली नाही.

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि निरोपाचं बोलावं तसं सहज विचारलं, “अच्छा बेटी, इतना तो बताओ. तालीम किसे कहते हैं?”

तालीम हा शब्द तिला ओळखीचा होता. तिनं मान वर केली आणि साहेबांच्या डोळ्यांत बघून स्पष्ट सांगितलं,

“जिथं पोरीला आत येऊ देत न्हाईत, तिला तालीम म्हंत्यात.”

साहेब तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी विचारलं होतं शिक्षणाचं, तिनं सांगितलं होतं हौद्याचं, पण ही गफलत साहेबांच्या ध्यानात आली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुस्तक पुन्हा उघडून तिच्या हातात दिलं आणि हळू आवाजात मराठीतच म्हणाले, “सावकाश वाच. मला घाई नाही.”

तिनं वाचलं. अडखळत, पण धड्याच्या शेवटापर्यंत. साहेबांनी मधेच एका शब्दाचा अर्थ विचारला, तोही तिनं सांगितला, मराठीत आणि वर कानडीत. “दुसरीत घाला,” साहेब म्हणाले, आणि खांबाकडं बघून पुढं म्हणाले, “आणि तिसरीतही मला ही इथं दिसली पाहिजे.” कल्याणप्पानं हाताची घडी सोडली.

साहेबांची गाडी गेली. पाटील खूश, वस्ताद खूश, पोरं तर हलगीच्या मागं नाचत गेली. सगळ्या गोष्टी फोडून सांगायची सवय असलेल्या मास्तरांनी साहेबांना ती गफलत सांगितली नव्हती. पण त्यांना स्वतःला ती पुरती कळली होती. साहेबांना वाटलं, पोरगी सरकारला बोलली. ती बोलली होती मास्तरांना. उंबऱ्याबाहेर तिला त्यांनीच बसवलं होतं, ‘पुढं बघू’ म्हणून. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पोरं आली तेव्हा मास्तर धोतर खोचून हौद्यातली माती घमेल्यात भरत होते. वस्ताद कमरेवर हात ठेवून उभे. “मास्तर, तालमीची माती कुठं निघाली?”

“मठाच्या अंगणात. शाळा आता तिथं.”

“अहो, पण ही मारुतीची...”

“मारुतीला मी विचारलं, वस्ताद. तो काही नाही म्हणाला नाही.” चौकशी मास्तरांनी घमेलं उचललं. वस्ताद थोडा वेळ पुटपुटले, मग दुसरं घमेलं त्यांनीच बिरदेवच्या डोक्यावर ठेवलं.

दुपारपर्यंत मठाच्या अंगणात लिंबाखाली लाल मातीचा एक छोटा हौदा झाला. पोरं कडेनं उभी राहिली. शिवकांता सवयीनं सगळ्यांच्या मागं, लांब थांबली होती. मास्तरांनी तिच्याकडं बघून, तिनंच शिकवलेला, ‘ये’ अशा अर्थाचा कानडी शब्द हाक मारल्यासारखा म्हटला, “बा!”

ती पुढं आली. हौद्याच्या काठाशी वाकली, चिमूटभर माती उचलली आणि आत पाय टाकण्याआधी कपाळाला लावली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतके दिवस उंबऱ्याबाहेर बसून ती पोरांना तेच करताना बघत होती.

मास्तर पाठ फिरवून उगाचच पाट्या मोजत बसले. मग डोळे पुसून त्यांनी दुसरीचं पुस्तक उघडलं.