डाव्या हाताचं दहावं

माझ्या नवऱ्याचा डावा हात त्याच्याआधी मेला. उरलेला नवरा त्यानंतर बरीच वर्षं जगला. त्या वर्षांत माणूस म्हणजे काय, मन कुठे राहतं, दुखणं कुठे असतं, यावर आमच्या अंगणात इतकं बोलणं झालं की चौथी शिकलेल्या मलाही मत बनवावं लागलं. नवऱ्याला मी तोंडावर कधी अरे-तुरे केलं नाही. आता लिहिताना करते. तो काही उठून येत नाही.

आमचं गाव रोहण्याजवळचं. शेती होती, पण सगळ्यांना पुरण्याइतकी नव्हती, म्हणून कापसाच्या हंगामात तो जिनात जाई. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करतात तो कारखाना. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या एका हंगामात चालू यंत्राच्या पट्ट्यात त्याची बाही अडकली आणि बाहीमागे हात गेला. वर्ध्याच्या दवाखान्यात कोपराखालून कापावा लागला. तिथे कोणीतरी माझ्या सासऱ्यांना विचारलं, "हात नेता का?" सासरे गांगरले. आपल्या घरची वस्तू परक्याकडे कशी सोडायची, म्हणून त्यांनी तो दुपट्ट्यात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर ठेवून घरी आणला. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, काय घेतलं वर्ध्याहून? सासरे म्हणाले, वांगी.

घरी आल्यावर प्रश्न पडला, याचं करायचं काय. सासरे म्हणाले, जाळू. सासू म्हणाली, "जित्या पोराच्या नावानं सरन रचता काय?" शेवटी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या झाडाखाली पुरला. हाताचा मालक तिकडे दवाखान्यात पडला होता. त्याला कोणी विचारलं नाही.

तो घरी आला, जखम भरली, आणि जो हात नव्हता तो दुखायला लागला. म्हणे मूठ गच्च आवळली आहे, नखं तळव्यात रुतली आहेत आणि काही केल्या उघडत नाही.

"कोनती मूठ?" सासूने विचारलं.

"डाव्या हाताची."

"तो तं बोरीखाली हाय."

"मले मालूम आहे ना, माय. पन दुखते इथंच." त्याने गुडघ्याच्या बाजूची रिकामी जागा दाखवली. आम्ही सगळ्यांनी त्या जागेकडे नीट पाहिलं. तिथे एक माशी होती.

सासरे भजनी मंडळात पुढच्या रांगेत बसत. त्यांचं उत्तर तयार होतं. "देह म्हंजे भाड्याचं घर. भिंत पडली तरी राहनारा पडत नाई. हात गेला, पन हातातला जीव जागेवरच हाय." मी चुलीपाशी होते. सासूला ऐकू जावं आणि सासऱ्यांनाही जावं, अशा आवाजात म्हटलं, "आत्याबाई, मामाजीची दाढ दुखली होती तवा त्या राहनाऱ्यानं पुरा मोहल्ला गोळा केलता."

मग वर्ध्याचा डॉक्टर. तरुण होता, स्वभावाने बरा. त्याने समजावलं, "दुखणं हातात नाही, मेंदूत आहे. हात गेला हे मेंदूला अजून कळलेलं नाही."

सासू म्हणाली, "मंग सांगा ना त्याले. तुमी डॉक्टर हा."

डॉक्टर हसला आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी नवरा दिवसभर पेंगायचा आणि पेंगताना कण्हायचा. मूठ त्याच्या झोपेतही आवळलेलीच राही.

शेजारी एक गुरुजी राहत. बौद्ध होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत, वाचन पुष्कळ. संध्याकाळी चहाला येत. ते म्हणाले, "वहिनी, हात म्हणजे आपण नाही, पाय म्हणजे आपण नाही. एकेक बाजूला काढत गेलं, तर शेवटी 'मी' म्हणून वेगळं काही हाती लागत नाही."

मी म्हटलं, "असंन, गुरुजी. पन मंग सकाळपासून बोंबलून कोन राह्यलं?"

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि बराच विचार केला. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. माझा प्रश्न बरोबर आहे, असं आयुष्यात मला तेवढ्याच एका माणसाने म्हटलं, तेही उत्तर न देता.

उन्हाळा आला. एक दिवस नवरा म्हणाला, "मी डॉक्टरले सांगतो, खांद्यापासून काढून टाका म्हना."

डॉक्टर म्हणाला होता की तसं करता येईल, पण दुखणं थांबेलच असं सांगता येत नाही. नवऱ्याच्या डोक्यात फक्त पहिला भाग राहिला. पण त्या उरलेल्या अर्ध्या हाताने तो बैलाचा कासरा दाबून धरी, चाऱ्याची पेंढी बगलेत घेई, बादली कोपरात अडकवी. तेवढ्या तुकड्यावर आमची शेती चालली होती. तोही गेला की उरला घरात बसलेला माणूस.

मी म्हटलं, "खांदा कापल्यावरही दुखलं तं मंग काय कापसान? मान?"

"चालते," तो म्हणाला. चिडून नाही, सरळ म्हणाला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

वर्ध्याला जायचा दिवस ठरला. तेव्हा सासूने आपलं निदान सांगितलं. हात मेला, पण त्याचं दहावं झालं नाही. दहाव्याला पिंड ठेवतात, कावळा शिवला म्हणजे मेलेला सुखाने गेला. या हाताची काहीतरी इच्छा अडकून आहे आणि ती मूठ त्या इच्छेपायी आवळली आहे. भटजींना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात अख्ख्या माणसाचं आहे, सुट्या भागांचं नाही. सासू म्हणाली, "मी करतो. माह्याच पोटातून निंगाला होता तो हात."

एरवी दहाव्याला बायकांना नेत नाहीत. पण हे दहावं धड दहावं नव्हतं, म्हणून आम्ही दोघी, सासरे आणि नवरा, असे नाल्यावर गेलो. गुरुजीही आले. अशा गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर ते मजा पाहायला आले होते.

पळसाच्या पानावर भाताचा पिंड ठेवला. बाभळीवर कावळा होता. त्याने पिंडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पंख खाजवायला लागला. असं झालं की घरच्यांनी हात जोडून विचारायचं असतं. सासूने पिंडाला विचारलं, "बाबा, काय राह्यलं तुहं? काय पाह्यजे तुले?"

कावळा बसूनच.

"पोराचं शिक्षन करू. बहिनीले साडी घेऊ," सासू म्हणाली.

सासरे म्हणाले, "हाताले कोनती बहीन आनली वं? अन् डाव्या हाताची काय इच्छा असंन? जलमभर एकच काम केलं त्यानं, सकाळी लोटा घेऊन..."

गुरुजी नाल्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

नवरा हसला नाही. म्हणाला, "तंबाखू."

ते खरं होतं. डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा आणि उजव्या अंगठ्याने मळायची, हे त्याचं दिवसभर चाले. हात गेल्यापासून तो दुसऱ्यांकडून मळून घेई आणि तोंड वाकडं करून खाई. दुसऱ्याची मळलेली म्हणजे दुसऱ्याने चावलेली, असं म्हणे. सासूने पिंडावर तंबाखूची चिमूट ठेवली. कावळा उडाला आणि गेलाच. मग झुडपातून एक कुत्रं आलं, त्याने तंबाखूसकट सगळा पिंड खाल्ला, दोनदा शिंकलं आणि निघून गेलं.

नवरा खाली बसला. "जाऊ द्या. उद्या कापूनच येतो," म्हणाला. त्याने दाताने तंबाखूची चंची सोडली, चिमूट काढली, आणि ती कशावर ठेवायची हे न कळून तसाच बसून राहिला.

मला संताप आला. लोकांना पुढे यात प्रेम दिसलं. प्रेम नव्हतं. सकाळपासून उपाशी होते आणि ऊन डोक्यावर होतं. मी त्याच्या डाव्या बाजूला टेकले आणि त्याच्या कोपरापाशी उसवलेल्या, लोंबत्या रिकाम्या बाहीतून माझा डावा हात बाहेर काढला. "घ्या, याच्यावर मळा. पन उद्याचं नाव काढू नोका."

भर दिवसा, सासू-सासऱ्यांसमोर, नवऱ्याने बायकोचा हात धरला. सासरे खोकले आणि गेलेला कावळा शोधू लागले. नवऱ्याने तंबाखू ठेवली, चुना लावला आणि मळायला लागला. नजर तळव्यावरून हलवली नाही. बराच वेळ मळून तो थांबला.

"सैल पडून राह्यली," तो हळू म्हणाला.

"काय?"

"मूठ." मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "बांगड्या काढ. बांगड्या दिसल्या का तो तुहा हात होते, अन् माही मूठ पुन्हा आवळते."

सासू उसळली. नवरा जिवंत असताना बाईने बांगड्या उतरवायच्या नसतात, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक. "माह्या पोराच्या समोर तू हात मोकळा करशीन? त्याच्या जिवावर उठली काय?"

मी म्हटलं, "आत्याबाई, त्याहिचा हात पट्ट्यात गेला तवा माह्या दोन्ही हातांत बांगड्या भरून होत्या. राखला का त्यानं हात?"

सासूने पदर तोंडात धरला. मी नाल्यात हात बुडवून डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. शेवटची निघेना, ती फुटली आणि थोडं रक्त आलं. गुरुजी आता हसत नव्हते. मी परत येऊन हात बाहीत घातला. नवऱ्याने पुन्हा मळायला घेतलं. मळता मळता त्याचं तोंड हळूहळू सैल झालं, कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं असं. नाकातून पाणी गळायला लागलं. तंबाखूने असेल. वर्ध्याला तो गेला नाही.

मग श्रेय घ्यायला सगळे पुढे आले. सासू म्हणाली, कुत्र्याने शिवलं तरी पोचतं. सासरे म्हणाले, हातातल्या जिवाला घर मिळालं. डॉक्टरला नंतर सांगितलं, तर तो म्हणाला मेंदू फसला. गुरुजींनी मलाच विचारलं, "वहिनी, आता सांगा, तो हात कुणाचा?"

"मळेपर्यंत त्याहिचा. भाकर थापताना माहा."

दुखणं कायमचं गेलं नाही. मूठ पुन्हा पुन्हा आवळे आणि मला हातातलं काम टाकून बाहीत हात घालावा लागे. शेवटी मी डावा हात मोकळाच ठेवला. गावातल्या बायकांनी मला 'अर्धी रांडव' नाव दिलं. दिलं तर दिलं. मी आपली पाहणी केली. तो दुसरीकडे बघत असताना माझ्या तळव्याला चिमटा काढला, तर त्याला पत्ता नसे. तळव्याकडे बघत असताना काढला, की ओरडे. मला एकदा तिथे चीर पडली होती, तेव्हा चुना त्यालाच झोंबला. मग भांडण झालं की मी चुना जास्त लावी.

ऐंशीनंतर काही वर्षांनी तो काविळीने गेला. दोन्ही, म्हणजे दीड हातांनिशी त्याला जाळलं. बायका माझ्या बांगड्या फोडायला बसल्या. उजव्या हातातल्या फोडल्या आणि डाव्यापाशी अडल्या. दोन्ही हातांतल्या फोडाव्या लागतात म्हणे. एकीने तोड काढली, दुकानातून बांगड्या आणू, डाव्या हातात भरू आणि मग फोडू. ती निघालीही.

सासू कोपऱ्यात बसली होती. डोळे जवळजवळ गेले होते, कान शाबूत होते. "बस वं खाली," ती म्हणाली. "त्या हाताले कोनी हात नोका लावू. तो तिचा नव्हता. माह्या पोराचा होता."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "त्याहिचा होता तं सरनावर ठेवाचा राह्यला ना, आत्याबाई."

सासूची हनुवटी थरथरली. मला वाटलं, आता रडते. ती हसत होती.

"ठेवला असता," ती म्हणाली. "पन मंग मले भाकर कोन थापून देईन?"