मापारीभाऊंची राणी

म्हातारपण माणसाला शोधत येतं आणि पत्ता लागू दिला नाही तर त्याला चुकवता येतं, यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझं भाग्य असं की तो माझा शेजारी होता. आलापल्लीच्या लाकूड आगारात त्यांनी जन्मभर सागाचे ओंडके मोजले होते, म्हणून नोकरी सुटल्यावरही सगळं गाव त्यांना मापारीभाऊच म्हणायचं. चांदा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. मी वनखात्यात कारकून होऊन तिथं गेलो तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. निदान त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकींचा, तसा अंदाज होता. ते स्वतः वयाची चौकशी करणाऱ्याला उलट त्याचंच वय विचारत आणि ऐकून हळहळत.

एका जागी दोनदा बसायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. सकाळची पेज अंगणात, दुपारचं जेवण गोठ्याच्या सावलीत, संध्याकाळची सुपारी आमच्या ओट्यावर. एकदा तर ते ताट घेऊन डाकघराच्या पायरीवर जेवायला बसले आणि तिकिटं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी चाखायला लावली. मी कारण विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणाले, "म्हातारपन बसल्या जागी येते बाबू. त्याले पत्ता गावला नाई पाह्यजे." भाताचं भांडं घेऊन घराभोवती त्यांना शोधत फिरणाऱ्या काकी मात्र म्हणायच्या, की यांचा पत्ता नाही लागला म्हणून ते माझ्याकडं मुक्कामाला आलंय.

उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं ही रानफळं, पावसाळ्यात वास्ते आणि रानभाज्या, असं जंगल देईल ते खायचं आणि दोन घास कमीच खायचे. दवाखान्याशी त्यांचं वैर नव्हतं. तिथून मिळालेली औषधाची बाटली ते इमानाने घरी आणत आणि कारल्याच्या वेलाच्या मुळाशी ओतत. वेल फोफावला, तर डॉक्टर हुशार आहे असं मोकळ्या मनाने कबूल करत. ओंडका आतून पोकळ आहे की भरीव, हे ते बोटाच्या पेरांनी टकटक करून सांगत, आणि ही सवय माणसांच्या बाबतीतही सुटली नव्हती. नवे रेंजर साहेब आले, तेव्हा हार घालून झाल्यावर मापारीभाऊंनी त्यांच्या पाठीवर टकटक केली, कान देऊन ऐकलं आणि जमलेल्या मंडळींना "भरीव" असं जाहीर केलं. साहेबांना तेव्हा राग आला होता, पण पुढं सर्दीखोकला झाला की ते स्वतःच पाठ घेऊन येत.

असा हा माणूस माझ्या वडिलांच्या खाटेपाशी येऊन बसला, ते दिवस मला जसेच्या तसे आठवतात. वडील वर्ध्याकडचे, शाळामास्तर. आई गेली आणि मी त्यांना आलापल्लीला आणलं. आले ते भिंतीकडं तोंड करून निजले. ताप नाही, दुखणं नाही. डॉक्टरांनी तीनदा तपासून हात टेकले. दोन घास भात, घोटभर पाणी, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. आई अचानक गेली होती. हे मात्र माझ्या डोळ्यांसमोर, रोज थोडे थोडे जात होते, आणि मी आगारात ओंडक्यांच्या याद्या करत होतो. माझी बायको स्वयंपाकघरात रडायची आणि मी गोठ्यामागं.

मापारीभाऊंनी पहिल्या दिवशी त्यांच्या पाठीवर टकटक केली आणि मला खुणेनं सांगितलं, भरीव. मग कमरेची एक जुनी वही काढून खाटेवर ठेवली. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, आमच्याकडं दंडारीचं नाटक असे, दिवसाउजेडी, ढोलकीवर. बायकांची सोंगं पुरुषच घेत, आणि वनवासाला निघालेल्या राणीचं सोंग चाळीस वर्षं मापारीभाऊंचं होतं. अंगावर काकींचं लुगडं आणि मिशीला पदराचा आडोसा.

"गुरुजी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "औंदा मले रानीचं बोलनं आठवून नाई राह्यलं. घरी नाई सांगतलं. मले आकडे येतात, अक्षर येत नाई. तुमी वाचा, मी पाठ करतो."

वडील हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा, कधी खाटेच्या उशाशी, कधी पायथ्याशी. चौथ्या दिवशी कंटाळून त्यांनी आठवेल तेवढं स्वतःच म्हणायला सुरुवात केली. राणीनं निरोप आधी घेतला, मग वनात गेली, मग राजवाड्यात येऊन राजावर रुसली. तीस वर्षं मुलांकडून धडे म्हणवून घेतलेल्या माणसाला ते किती वेळ सोसवणार? भिंतीकडून आवाज आला, "पुन्हा म्हणा. राणीला एवढी घाई कसली?" आणि वडील उठून बसले. दोन महिन्यांनी मी त्यांचं तोंड नीट पाहिलं.

त्यानंतर दुपारची शाळाच भरू लागली. वडील छडी मागायचे तेवढे बाकी राहिले होते. पाठ झालेलं दुसऱ्या दिवशी पुसलं जाई आणि वडील न चिडता पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत. राणीला पाठ यावं म्हणून ते स्वतः पोटभर जेवू लागले.

मंडईच्या दिवशी वडील ढोलकीवाल्यामागं वही घेऊन बसले. राणी निरोपापर्यंत झकास आली आणि थांबली. राजाकडं बघते, आभाळाकडं बघते, तोंडातून शब्द नाही. वडिलांनी मागून ओळ सांगितली, पण ढोलकीत ती ऐकू जाईना. तेव्हा माझे वडील, काळी टोपी आणि चष्मा घालून, वही हातात घेऊन, सरळ रिंगणात येऊन उभे राहिले आणि वर्गात सांगावी तशी राणीची ओळ त्यांनी खणखणीत म्हटली. मापारीभाऊंनी एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि राजाला म्हणाले, "आता कायचा वनवास? माहा बाप आला नेयाले." असा हशा उठला की राजालाही बसावं लागलं. वडील हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच हसले.

वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. मी एकदा मापारीभाऊंचे पाय धरायला गेलो, की तुम्ही युक्तीनं त्यांना उठवलंत. ते म्हणाले, "मी उठवाले नोतो आलो बाबू. मी भेलो होतो." त्या भिण्याचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मला त्यांना नीट सांगता आलं नाही.

पुढं मापारीभाऊंचं शरीर सागासारखंच राहिलं, पण आठवण गेली. फिरायला निघत आणि घर विसरत, म्हणून रोज सकाळी वडील सोबत जाऊ लागले. दुपारी ते वही वाचून दाखवत. पाठ करण्यासाठी आता नव्हे, नुसतं ऐकण्यासाठी. एके दिवशी मी जेवायला घरी आलो, तेव्हा वाचन संपत आलं होतं. मापारीभाऊंचे डोळे भरले होते.

"गुरुजी, हे रानी कोन होती? लय चांगली बाई होती."

वडिलांनी वही मिटली. "उद्या पुन्हा येईल ती," ते म्हणाले.

मापारीभाऊंना इतका आनंद झाला की ही बातमी काकींना सांगायला ते लगेच उठले, आणि वडील त्यांचा हात धरून त्यांना घरापर्यंत घेऊन गेले.