सव्विसावी पट्टी

पुंडलिकराव सरांनी आयुष्यात एक तासही शिकवलेला नाही, तरी आर्णीत त्यांना सगळे सरच म्हणतात. कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या, पोरांनी काही सांडलं की फडकं घेऊन धावायचं. शिकवणारे आले नि बदलून गेले, सर तिथेच राहिले. भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता पुसून पुसून त्यांना सगळा पाठ झाला, आणि बाटल्यांवर लेबलं लावायची अशी सवय जडली की घरी साखरेच्या डब्यावरही त्यांनी ‘साखर’ लिहून ठेवलं होतं.

मी उज्ज्वला. आर्णीपासून सात किलोमीटरवर आमचा तांडा आहे, तिथली मी आशाताई, घरोघरच्या आरोग्याचं काम बघणारी. डोकं माझं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण या माणसाशी माझी खरी ओळख भांडणातूनच झाली.

सरांची बायको इंदुताई शेवटची दोन वर्षं आजारी होत्या. किडन्या गेलेल्या, अंगात रक्त टिकत नव्हतं आणि झोप तर नावालाही नाही. सर भजनात पेटी वाजवायचे. एका दुपारी त्यांनी सहज एकच पट्टी दाबून धरली आणि इंदुताईंचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशीही लागला, आणि मग ते रोजचंच झालं. इंदुताई गेल्यावर सर त्या पट्टीचाच विचार करत बसले. मोबाईलवर कुठेतरी त्यांनी वाचलं की जगातली प्रत्येक वस्तू कंप पावते. मग काय, सरांचं ठरलं. शरीर मूलद्रव्यांचं बनलेलं, प्रत्येक मूलद्रव्याचा एक सूर. ज्याची कमी असेल त्याचा सूर ऐकवा, कमी भरून निघेल.

पेटीला बेचाळीस पट्ट्या. सरांनी डावीकडून एकेका पट्टीवर क्रमानं लेबल चिकटवलं. पहिली हायड्रोजन, आठवी ऑक्सिजन, विसावी कॅल्शियम, सव्विसावी लोखंड. चुन्यातलं कॅल्शियम पांढऱ्या पट्टीवर आणि लोखंड काळ्या पट्टीवर आलं, याचा सरांना कोण आनंद! वणीच्या कोळसा खाणीत नोकरी केलेल्या त्यांच्या साडूनं विचारलं, “मंग कोळसा पांढऱ्या पट्टीवर कसा आला, भाऊ?” त्यावर सरांनी चहा मागवला. तेहतिसावी पट्टी आर्सेनिकची, म्हणजे विषाची. ती चुकून दाबली जाऊ नये म्हणून तिथे आगपेटीची काडी खुपसून ठेवलेली. आयोडीनचा नंबर त्रेपन्न, तो पेटीत बसेना. गळा सुजलेलं कोणी आलं की सर सांगायचे, “तुमचा सूर पेटीत नाई. बाजारातलं आयोडीनचं मीठ खा.”

हसू येईल, पण दर गुरुवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर पंचवीस-तीस बाया बसलेल्या असत. गुडघेवाल्यांना कॅल्शियम, थकलेल्यांना लोखंड. सर कुणाकडून नारळसुद्धा घेत नसत. पाच मिनिटं डोळे मिटून निवांत बसायला मिळणं, एवढंच कित्येकींना पुरत असावं. मी मनात म्हणायची, बसू दे बापड्यांना, कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं ते माझ्याच घरात.

माझी धाकटी नणंद अंजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार. मी रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणून दिल्या, जेवल्यावर घ्यायच्या, वरून चहा नको, लिंबू पीळ, सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी विचारायची, “घेतली का गं?” ती म्हणायची, “हो भाभी.” दुसऱ्या बायांकडे मी रिकामी पाकिटं मोजून घेते. अंजू घरची, तिच्याकडे मागितली नाहीत. ही चूक माझी.

आठव्या महिन्यात उपकेंद्रावर सिस्टरनं तिचं बोट टोचलं आणि आकडा मला दाखवला. सहा पूर्णांक नऊ. बाळंतपणात जराही जास्त रक्त गेलं तर बाई हातची जाते, तो हा आकडा. सिस्टरनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

घरी येऊन मी डबे उचकले. पापडाच्या डब्यात, रबर लावून नीट बांधलेली, सगळी पाकिटं भरलेली. माझ्या सासूबाई, मानीबाई, शांतपणे दारात उभ्या. आम्ही तांड्यावर आईला याडी म्हणतो, सासूलाही मी तेच म्हणते.

“याडी, हे काय आहे?”

“काई फेकल्या नाई मी,” त्या म्हणाल्या. “बाळंतपणानंतर घेईल ते. आता दर गुरुवारी मी तिले पेटीवाल्या गुरुजीकडे नेतो. एक लोखंड कानातून जाऊन राह्यलं, तं दुसरं पोटातून कायले? दोन-दोन लोखंडं झाली तं अंगात गरमी व्हईल, लेकरू भाजून निंगन.”

याडीनं आळस नव्हता केला, काळजी केली होती. दर गुरुवारी पोटुशा लेकीला घेऊन सात किलोमीटर जायच्या त्या. गरम-थंडाचा हिशेब तांड्यावरची प्रत्येक म्हातारी करते. याडीनं त्यात सुरालाही धरलं, इतकंच. पण तेव्हा हे मला कुठलं सुचायला! मी स्कूटी काढली नि तडक आर्णी गाठली.

सर ओसरीवर पेटी पुसत होते. मी पायरीवरूनच सुरू केलं. “सर, अंजूचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक नऊ आलं. तुमच्या पट्टीपायी तिनं महिनाभर एक गोळी घेतली नाही.”

प्रयोगशाळेतला माणूस, आकडा लगेच कळला. हातातलं फडकं तसंच राहिलं. “मी कोणालेच गोळी सोड म्हटलं नाई, उज्ज्वला.”

“घे असंही कधी म्हटलं नाही, सर.”

ते भांडतील असं मला वाटलं होतं. मी जय्यत तयारीनिशी गेले होते, चार-पाच टोमणे जिभेवर होते. सर उठले, पायात चपला सरकवल्या, पेटीला कडी घातली आणि म्हणाले, “चाल.”

“पेटी कशाला?”

“गोंधळ तिनंच केला ना? मंग ते सोबत पाह्यजे.”

मांडीवर पेटी घेऊन सर स्कूटीवर मागे बसले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, रस्त्यात खड्डा आला की पेटी हुंकार द्यायची. त्या दिवशी मला हसूही आलं नाही.

सर पेटी घेऊन आले म्हटल्यावर अर्धा तांडा आमच्या अंगणात जमला. याडीनं बाज टाकली. सरांनी याडीलाच विचारलं, “मानीबाई, घरात डाळ शिजली का?”

“शिजली, पण अजून मीठ नाई टाकलं.”

“तशीच आणा वाटीभर.”

सरांनी वाटी पेटीसमोर ठेवली. म्हणाले, “अकरावी पट्टी सोडियम, सतरावी क्लोरीन. दोन्हीचं मिळून मीठ होते.” दोन बोटांनी दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या आणि भाता चालवला. इतका कर्कश आवाज निघाला की बाजेखालचं कुत्रं उठून गेलं. सरांनी पाच मिनिटं, घड्याळ लावून, त्या डाळीसमोर मीठ वाजवलं. कोणी हसलं नाही. माझ्या लक्षात आलं, की सरसुद्धा मनातून वाट पाहत होते.

“आता चाखा, मानीबाई.”

याडीनं बोट बुडवून चाखलं. गुरुजींचं मन कसं मोडायचं म्हणून पुन्हा चाखलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, “अळणीच हाय, गुरुजी.”

सरांनी वाटी घेतली, स्वतः घोटभर डाळ प्यायली. “अळणीच हाय,” तेही म्हणाले. मग बोलले, ते माझ्याकडे न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“माह्या इंदूले मी दीड वर्ष वाजवून दाखवलं. तिले झोप लागे, हे खरं हाय. पण रक्त नाई वाढलं. एकदाबी नाई. दर महिन्याचा कागद माह्यापाशी हाय, मीच वाचत होतो ना. तरी ते गेल्यावर मले वाटे, आपली पट्टी चुकली असन, बरोबर पट्टी सापडली असती तं ते राह्यली असती. म्हणून हे सगळं. मानीबाई, पेटीत लोखंड नाई. गोळीत हाय. अंजूले आजच दवाखान्यात न्या.”

याडी आत गेल्या आणि अंजूची पिशवी भरायला लागल्या.

गोळ्यांवर निभण्याची वेळ आता गेली होती. आर्णीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून लोहाचं सलाईन द्यायचं ठरवलं, एक दिवसाआड, पाच वेळा. अंजू सुईला अशी भ्यायची की पहिल्या दिवशी हात आखडूनच घेतला. सर खिडकीबाहेर लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसले होते. सिस्टरला विचारून त्यांनी हळू आवाजात पेटी सुरू केली. मी बाहेर जाऊन पाहिलं, बोटं सगळ्या पट्ट्यांवर फिरत होती.

“कोणतं मूलद्रव्य आहे हे, सर?”

“कोणतंच नाई. भजन हाय.”

अंजूनं हात सैल सोडला. पाचही दिवस, ऊन कितीही असो, सर तिथे हजर. सलाईन संपलं की खिडकीतून विचारायचे, “सगळं गेलं का आत?” आणि हो म्हटल्यावरच पेटी बंद करायचे.

महिन्याभरानं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन झालं. त्यानंतर आठच दिवसांत त्याच दवाखान्यात अंजूला मुलगी झाली, पावणेतीन किलोची. रक्त जरा जास्तच गेलं. सिस्टर बाहेर येऊन मला म्हणाली, “नऊ होतं म्हणून निभलं गं बाई.” मी तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले. सहावर काय झालं असतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. सर शेजारी येऊन बसले, आणि मी, ज्या माणसाला ऐकवायला चार टोमणे घेऊन गेले होते, त्याच्या पाया पडले. दुसरं काय करणार? आपली चूक चारचौघांत, बायकोचं नाव घेऊन, कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. अजूनही दुसरा पाहिलेला नाही.

मला वाटलं, आता सर पेटी भजनापुरतीच ठेवतील. लेबलंसुद्धा काढतील. पण गुरुवार काही त्यांनी बंद केला नाही, फक्त नियम बदलला. आता ओसरीवर आधी पाण्याची कळशी आणि चिरलेली लिंबं. प्रत्येकीनं आपापली गोळी सोबत आणायची, सरांसमोर गिळायची आणि तोंड उघडून जीभ दाखवायची. मगच पेटी. एखादी म्हणाली, “विसरली जी आज,” की सर तिला घरी पिटाळतात. जिला कुठलीच गोळी चालू नाही, तिनं आधी दवाखान्यात जाऊन यायचं. माझ्या वहीतल्या पोटुशा बायांत गोळ्या अर्धवट सोडलेली आज एकही नाही. जिथून बायांना ओढून आणायची माझी तयारी होती, तिथे मीच आता त्यांना धाडते.

याडी तर गुरुवारी पाणी द्यायचं काम करतात. कुणी विचारलंच, अंजू पेटीनं बरी झाली ना, तर सरांच्या आधी त्याच उत्तर देतात, “पेटीनं नाई वो बाई, डाळ अळणीच राह्यली होती.”

मागच्या महिन्यात मी अशीच वही घेऊन ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. सकाळपासून तीन वस्त्या झालेल्या, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, ते मी उन्हावर ढकललं होतं. सर अचानक पेटीवरून हात काढून म्हणाले, “उज्ज्वला, तुह्यं किती हाय?”

“काय किती?”

“हिमोग्लोबिन.”

मी हसले. मग लक्षात आलं, मला माहीतच नाही. नऊ वर्षं मी बायांना बोट टोचायला नेते, कुणाचा आकडा किती हे झोपेतही सांगेन. तुझं बोट पुढे कर, असं मला मात्र कोणी म्हटलं नव्हतं. घरी नाही, दवाखान्यात नाही, आणि मी स्वतःही नाही. याडीनं कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं टोचलं. आठ पूर्णांक एक.

पुढच्या गुरुवारी मी वही घरी ठेवून गेले आणि बायांच्या रांगेत बसले. माझी पाळी आली तेव्हा याडीनं ग्लासात लिंबू पिळून तो माझ्या हातात दिला. मी गोळी गिळली आणि तोंड उघडून जीभ दाखवली. सरांनी चष्मा लावून नीट पाहिलं, आणि मगच भाता उघडला.