आत्यांची प्रभावळ

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. या आत्या माझ्याबरोबर डोंगरात फोटो काढायला येतील, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

जाणार होतो मी आणि नवरा. पावसाळा सरत आलेला, घाटमाथ्यावर सोनकीची पिवळी फुलं आलेली. जुन्नरच्या पलीकडे कड्याजवळच्या एका गावात रात्रीचा मुक्काम करायचा आणि पहाटे दरीचे फोटो काढायचे, असं कधीपासून ठरत होतं. आदल्या संध्याकाळी त्याच्या कंपनीतून फोन आला. शिफ्ट बदलली होती. मी भरलेली बॅग उघडली आणि लेन्स परत कपाटात ठेवायला लागले.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी येते की," म्हणाल्या.

"आत्या, चढ आहे तिथं."

"चढंन की. न्हाई जमलं तर बसंन एका जाग्याला. तू काढ तुझे फोटू."

सासरे गेल्यावर आत्या लातूरकडचं गाव सोडून पिंपळे गुरवला आमच्याकडे राहायला आल्या. काळ्या मातीच्या सपाट मुलखात जन्म गेलेला. आमचं वाईट नव्हतं, पण बोलणं पाणी आलं का आणि डाळ भिजत घातली का याच्या पलीकडे फारसं जात नसे. माझा कॅमेरा त्यांना पटत नव्हता. मी बाल्कनीतून कबुतरांचे नाहीतर समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांचे फोटो काढत असले की म्हणायच्या, "देवानं डोळे दिलेत की. सारखं त्या डब्यातून काय बघतीस?"

त्याला कारण होतं, पण ते मी कधी सांगितलं नव्हतं. चाकणच्या कंपनीत मी रंग दिलेले भाग तपासते. पांढऱ्याफेक उजेडात एकेक भाग समोर येतो, आणि त्यावर कुठे डाग, कुठे ओघळ, कुठे धुळीचा कण आहे ते शोधायचं. संध्याकाळी बसमधून घरी येतानाही डोळे खोटच शोधत राहतात. माणसांच्या चेहऱ्यावरसुद्धा. कॅमेरा घेतल्यापासून तेच डोळे जरा दुसऱ्या कामाला लागले होते.

सकाळी नाशिक फाट्यावरून एसटी धरली. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा आत्यांनी विचारलं, "हितंच हाय का तुझी कंपनी?" मी आतल्या बाजूला बोट दाखवलं. त्या मान वाकवून बराच वेळ बघत राहिल्या, पण तिथून दिसत होत्या त्या नुसत्या पत्र्याच्या शेड. जुन्नरला उतरून जीप केली. घाट लागला तसं धुकं सुरू झालं. पुढे पुढे तर रस्त्याकडेचे दगडसुद्धा दिसेनात. ड्रायव्हर काच खाली करून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता.

ज्यांच्या घरी उतरायचं होतं ते नवरा-बायको शेती करतात आणि ट्रेकला येणाऱ्यांना जेवूखाऊ घालतात. मी उतरल्या उतरल्या विचारलं, "दादा, दरी कुठल्या बाजूला?"

"ही काय," ते म्हणाले आणि हात लांब केला. हाताच्या पुढे पांढरं होतं. मागेही पांढरंच.

"उद्या उघडेल का?"

"सांगता येत न्हाई बगा. उघडलं तर उघडलं. कालचे लोक दोन दिवस बसून तसंच गेले."

माझं तोंड उतरलं. लेन्सवर ओल धरत होती, मी ती पुन्हापुन्हा पुसत बसले. आत्या मात्र चुलीपाशी जाऊन बसल्या होत्या. घरची बाई नाचणीची भाकरी थापत होती. आत्यांनी तिच्याकडून एक गोळा मागून घेतला, ज्वारीच्या हिशेबानं थापला, तो परातीतच मोडला. दोघी हसल्या. "व्हय, हिला सवय लागती," ती बाई म्हणाली. आत्यांना इतकं मोकळं हसताना मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं. जेवून लवकरच आडव्या झालो. पत्र्यावर धुक्याचं पाणी ठिबकत होतं, ते ऐकता ऐकता मला झोप लागली.

झुंजुमुंजू झालं तशी दादांनी हाक मारली. "ताई, वर मोकळं झालंय. चला."

बाहेर आले तर डोक्यावर स्वच्छ आभाळ. दादा पुढे, मागे काठी टेकत आत्या, त्यांच्या मागे मी. आत्यांनी माझा हात धरला नाही. गवत भिजलेलं होतं आणि त्यात सोनकी इतकी दाट की पाऊल टाकायला संकोच वाटावा. चढ संपला, पठार लागलं, आणि पठार एका जागी एकदम संपलं.

दादांनी हात आडवा धरला. "हितून पुढं उभ्यानं जायचं न्हाई. बघायचं तर पालथं पडून."

मी पालथी पडले. माझ्या शेजारी लुगडं सावरत, काठी बाजूला ठेवत आत्याही पालथ्या पडल्या. आम्ही दोघींनी कड्यावरून डोकी पुढे काढली.

खाली कोकण असायला हवं होतं. ते नव्हतं. खाली ढग होते, कड्याच्या पायापासून थेट नजर पोचेल तिथपर्यंत. हलत होते, पण आवाज नव्हता. एखादा सुळका तेवढा वर आलेला, त्याच्या कमरेला ढग येऊन थडकायचे आणि दोन्हीकडून वाहत जायचे. कुठेतरी ते फाटायचे, आणि त्या भोकातून फार फार खाली हिरवं जंगल दिसायचं. पुन्हा सगळं मिटायचं. माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि त्याची मला आठवणही राहिली नव्हती.

आत्या खाली बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे रोज हुतंय का हितं?"

"व्हय, या दिवसांत पुष्कळदा," दादा मागून म्हणाले.

"कुणी बघाय नसलं तरी?"

दादांना हा प्रश्न कधी पडला नसावा. "तरी बी," ते म्हणाले.

आत्यांनी मान हलवली आणि कपाळ हातांवर टेकवलं. मला वाटलं चक्कर आली. "आत्या, काय झालं?" "काही न्हाई," त्या म्हणाल्या, "लई मोठं हाय, माय. डोळ्यात मावंना झालंय."

मागून सूर्य वर आला तसे आम्ही कड्यापासून थोडे मागे सरून उभे राहिलो. आमच्या सावल्या लांबच लांब होऊन समोरच्या धुक्यावर जाऊन पडल्या. आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंग उमटायला लागले. आत पिवळसर, मग तांबूस, मग हिरवं-जांभळं. बघता बघता पूर्ण गोल झाला. इंद्रधनुष्य कमान असतं, हे अख्खं कडं होतं, आणि मधोमध मी.

"इंद्रवज्र," दादा म्हणाले. "नशीब हाय तुमचं."

"आत्या, बघा, माझ्या डोक्याभोवती बघा."

"तुझ्या कुठं?" आत्या म्हणाल्या. "मला तर..." आणि थांबल्या. पदर त्यांनी डोक्यावर ओढून घेतला. "न्हाई. तुझंच असंल ते. तू सवाशीण हाईस. माझ्या डोक्याला प्रभावळ कामून येईल?"

देवाच्या मूर्तीमागे असते ती प्रभावळ. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाजूला सरकत होत्या. आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला बायका जमल्या की त्या न सांगता अशाच आतल्या खोलीत सरकतात. मी ते नेहमी बघितलं होतं आणि एकदाही त्यांना थांबवलं नव्हतं. त्या सरकत होत्या, पण नजर समोरच्या धुक्यावर खिळलेली होती आणि चेहऱ्यावर भीती होती, कारण ते कडं त्यांच्याबरोबरच सरकत होतं.

"दादा, असं कसं? मला माझ्याभोवती दिसतंय."

"ज्याचं त्याला दिसतं, ताई. मला माझ्या डोक्याला दिसतंय. तुमचं मला न्हाई दिसत."

मी आत्यांपासून लांब गेले, पार दादांच्याही पलीकडे. तिथून ओरडून विचारलं, "आत्या, अजून आहे?"

"हाय."

"हात वर करा."

त्यांनी एक हात वर केला. माझ्या जागेवरून मला त्यांचं कडं दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं. मला दिसत होत्या त्या नुसत्या आत्या. उन्हाकडे पाठ करून हात वर धरलेल्या, वाऱ्यानं पदर मागे गेलेला. मग त्यांनी दुसराही हात वर केला. धुक्यातल्या स्वतःच्या सावलीकडे बघत त्या दोन्ही हात हलवत होत्या, लांब चाललेल्या ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावेत तसे. आणि रडत होत्या.

मी परत त्यांच्याजवळ गेले आणि कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. "तुमचं कडं मला काढता येणार नाही. तुम्हीच काढा. इथून बघायचं, हे दाबायचं."

"मोडलं तर?"

"नाही मोडत."

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी तांब्या धरावा तसा धरला, डोळा लावला आणि दाबत सुटल्या. तेवढ्यात खालचं धुकं वर चढू लागलं, रंग फिके होत गेले, आणि थोड्याच वेळात आम्ही पुन्हा कालच्याच पांढऱ्यात उभे होतो. आत्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. "गेलं," त्या कॅमेऱ्याआडूनच म्हणाल्या.

त्यांनी काढलेले बहुतेक फोटो तिरके आले. एकात नुसतं गवत आहे, एकात दादांचा खांदा. एकात मात्र कडं पूर्ण आलं आहे. मधोमध एक छोटी काळी सावली, कोपरं वर उचललेली, डोक्यावर पदर नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं तो बघून विचारलं, "ही कोण?" तर आत्या भाजी निवडत म्हणाल्या, "मी."

त्या संध्याकाळी त्यांनी गावाकडच्या बहिणीला फोन लावला. मी बाल्कनीत कपडे काढत होते, दार उघडंच होतं. आत्या नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होत्या.

"ढग पायाखाली व्हते, पायाखाली," त्या सांगत होत्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाई गं, इमानात न्हाई. उभ्यानं. आपल्या पायावर उभ्यानं."