डाव्या मुठीवरची पितळी कडी

मंगळवार पेठेतल्या त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येझडी मोटारसायकल पस्तीस वर्षं उभी होती. घरच्यांना ती आता गाडी वाटतच नव्हती. सीटवर कांद्याचं पोतं असायचं आणि हँडलला एक मोडकी छत्री. दसऱ्याला तेवढे आबा पोतं उतरवायचे, गाडी पुसायचे, झेंडूची माळ घालायचे. दुसऱ्या दिवशी पोतं परत जागेवर.

आबा म्हणजे बाळासो, वर्षाराणी आणि यशराजचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घाटात बंद पडलेली बस जागेवर चालू करून देणारा माणूस, पण शेडमधली ही स्वतःची गाडी त्यांनी कधी उघडली नाही. कुणी विचारलं तर "बघू की" म्हणायचे. आठ वर्षांपूर्वी ते गेले.

गेल्या दिवाळीत धाकट्या यशराजनं विषय काढला. "अक्का, येझडीला आता लई मान हाय. बाहेर काढूया. काळी मॅट मारतो, हँडल खाली घेतो, मागचं मडगार्ड कापतो. बघशील तू."

"काप की," वर्षाराणी म्हणाली. "पण आधी मला बघू दे."

तिची ती जुनी खोड होती. लहानपणी तिनं घरातलं भिंतीवरचं घड्याळ तीनदा खोललं होतं, दोनदा ते चाललंही होतं. आता तेहेतीस वर्षांची झाली होती आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासायला होती. दिवसभर हातात व्हर्नियर घेऊन प्रत्येक नगाची जाडी, भोक, खाच मोजायची. माप चुकलं की का चुकलं ते कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. कंपनीतली माणसं तिला वैतागायची, आणि अडलं की तिच्याकडंच यायची.

शेडमध्ये तिनं गाडीवर पाणी मारलं, घासली आणि उजेडात आणली. मग तिला एकेक नवल दिसायला लागलं. डाव्या हाताचा क्लचचा दांडा गाडीला नव्हताच.

"भंगारवाल्यानं काढला असंल," यशराज म्हणाला.

"भंगारवाला तार नीट कापून टोकाला डाग देत बसंल व्हय?"

क्लचची तार खरंच नीट कापली होती आणि तिचे धागे सुटू नयेत म्हणून टोकाला कथलाचा डाग दिला होता. डाव्या मुठीवर एक पितळी कडी बसवलेली. खालची पट्टी कापून सीट अडीच इंच खाली घेतलेली. गिअरच्या दांड्यालाही एक रुंद पत्रा जोडलेला, आणि जोड असा घासलेला की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. हे आबांचंच काम. पण आबा पावणेसहा फूट उंच होते. एवढ्या बुटक्या सीटवर त्यांचे गुडघे हँडलला लागले असते.

"थांब आता," ती भावाला म्हणाली. "कळल्याशिवाय काहीएक कापायचं न्हाय."

रविवारी टेम्पोत घालून गाडी उद्यमनगरात केरबा मेस्त्रींकडं नेली. केरबा सत्तरीचे. आता नवीन गाड्या ते घेत नाहीत, पण येझडी बघून उठून आले. बिडी विझवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"ह्या गाडीची एक गंमत हाय, बाई. पायानं गिअर दाबला की आतला क्लच आपसूक सुटतोय. पाय हळू सोडला की गाडी निघती. हातात दांडा नसला तरी चालंल."

"मग दांडा कशाला देतात?"

"सवयीचा असतोय. पण म्हणून कोण काढून टाकत न्हाय. ज्याला दाबायलाच येत न्हाय, त्योच काढंल."

वर्षाराणीनं ती पितळी कडी सोडवून मोजली. आतून एवढीशी. पूर्ण मूठ त्यात जाणं शक्यच नव्हतं. अंगठा आणि एक बोट, बास.  तिनं कडी रुमालात बांधली आणि घरी आली.

आई, बायडाबाई, स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. आईच्या डाव्या हाताला अंगठा आणि पहिलं बोट एवढंच आहे. लग्नाआधी कबनूरला यंत्रमागावर काम करताना बाकीची तीन बोटं चाकात गेली. त्या दोन बोटांनी आई पाकळी धरायची, सुईत दोरा घालायची, लेकीची वेणीही घालायची. वर्षाराणीनं तो हात जन्मापासून बघितला होता. आज पहिल्यांदाच तिनं तो मोजावा तसा बघितला.

तिनं कडी आईपुढं ठेवली. आईनं लसूण बाजूला सारला, कडी उचलली आणि अंगठा नि बोट आत घातलं. बरोबर बसली.

"चंदगडला असताना मी चालवायची," आई म्हणाली.

यशराज दारातच थांबला.

आई मग सांगत गेली. आबांची नेमणूक चंदगड डेपोत होती. आईला सहा किलोमीटरवरच्या एका वाडीत बालवाडी मिळालेली. तिकडं एसटी दिवसातून एकदा, तीही पावसाळ्यात भरवशाची नाही. चालत जायला दीड तास. आबांनी वापरलेली येझडी घेतली आणि तीन महिने संध्याकाळी तिच्यावर काम केलं. आईच्या मापानं सीट, आईच्या हाताच्या मापानं कडी. डेपोमागच्या माळावर शिकवलं. पदर कमरेला खोचून ती तीन वर्षं गाडीवर गेली. वाडीतली पोरं तिला 'फटफटीच्या बाई' म्हणायची.

"आणि आम्हाला कधी बोललीस न्हाय?"

"कुणी इचारलं?"

"बंद कशानं पडली मग?"

"गाडी हाय. पडती बंद," आई म्हणाली आणि लसणाच्या साली गोळा करून उठली.

वर्षाराणीला उत्तर पटलं नाही. माप जुळत नव्हतं.

पुढच्या रविवारी केरबांनी इंजिन खोललं. आधी क्लच. प्लेटा जुन्या, पण सरळ. स्प्रिंग जागेवर. आबांचा जोड तसाच घट्ट. "ह्यात काडीची खोट न्हाय. कोण हुता बाप तुझा? हात चांगला हुता त्येचा." मग त्यांनी सिलेंडर वर ओढला. तो येईना. डिझेल सोडून, लाकडाचा ठोकळा लावून ठोकल्यावर हलला. पिस्टनच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत ओरखडे, आणि धातू वितळून चिकटलेला.

"बिनतेलाची पळालीया," केरबा म्हणाले. "ह्या गाडीला पेट्रोलातच तेल मिसळायचं असतंय. कोणतरी नुसतंच पेट्रोल वतलं."

वर्षाराणीनं पिस्टन पिशवीत घालून घरी आणला. आईनं तो बघितला आणि ओरखड्यांवरून बोट फिरवलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"बालवाडीतली एक पोरगी तापानं फणफणली हुती," ती म्हणाली. "आई-बाप रानात लांब. तिच्या आज्जीला मागं बसवलं, पोरगी मधी. टाकी बघितली तर तळाला. दुकानात डब्यातलं पेट्रोल मिळालं, तेलाची बाटली घरात. म्हटलं, एवढं एकदा. दवाखान्यापतोर गेली बघ. पोरगी वाचली. एकटी परत येताना चढावर गाडी आवळली, चाकच थांबलं. पडले. कोपर सोललं."

"आणि आबा?"

"त्यांनी आल्या आल्या क्लचकडं बघितलं, इंजिन उघडलंच न्हाय. म्हणाले, माझंच काम कच्चं झालं, मीच तुला असल्या गाडीवर बसवलं. परत बसू देईनात. आणि मी गप्प बसले. त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली हुती, तेल विसरू नको." आईनं पिस्टन बाजूला सारला. "आधी भ्या वाटलं. मग लाज. मग वर्षं गेली. वर्षं गेल्यावर सांगायचं म्हणजे इतके दिवस का न्हाय सांगितलं, तेबी सांगाय लागतंय."

"आबांचं काम कच्चं न्हवतं, आई. मेस्त्री म्हणाले, काडीची खोट न्हाय."

"मला ठावं हाय की. त्यांस्नी ठावं न्हवतं."

 यशराजनं पिस्टन उचलून पिशवीत ठेवला आणि आईशेजारी बसून राहिला. त्यानंतर काळ्या मॅटचा विषय त्यानं काढला नाही.

गाडीचं काम चार महिने चाललं. सिलेंडर आतून कापून मोठा, म्हणजे बोअर, करून घेतला, मोठ्या मापाचा पिस्टन घातला. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग यशराजनं पहिल्यापासून नवीन ओढली. टाकीत नट-बोल्ट आणि डिझेल टाकून दोघं भावंडं ती आळीपाळीनं हलवत बसली, आतला गंज निघेपर्यंत. आबांनी केलेलं काहीही बदललं नाही. नवीन जे झालं ते आईला विचारून. दोन्ही अंगांना आरसे हवेत म्हणाली. स्टँड पायाला जड जातो, त्याला लांब दांडी लावा. आणि पेट्रोलच्या झाकणाशेजारी तेलाचं माप कायमचं बसवा, डोळ्यांपुढं. वर्षाराणीनं ते माप लेथवर स्वतः करून घेतलं. रंगाचं विचारलं तर आई म्हणाली, "मोरपंखी." यशराजनं कपाळाला हात लावला, पण रंग मोरपंखीच लागला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी गाडी शिरोलीच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर नेली. केरबाही आले. आई एकोणसाठ वर्षांची. वर्षाराणीनं ठरवलं होतं की आईला नुसतं बसवायचं, धरून चार पावलं चालवायची. आईनं डाव्या हाताची दोन बोटं कडीत घातली, पदर खोचला आणि यशराजला म्हणाली, "कीक मार. पाय दुखतोय माझा."

चौथ्या किकला धूर सोडत गाडी सुरू झाली. आईनं टाचेखाली गिअर दाबला, क्षणभर धरला आणि पाय हळू सोडला. गाडी निघाली. यशराज सीट धरून पळत होता, वीस पावलांवर त्याचा हात सुटला.

"आई, ब्रेक! उजवा पाय!" वर्षाराणी ओरडली.

आईनं ऐकलं की नाही कोण जाणे. प्लॉटच्या टोकाला तिनं वळण घेतलं, थोडं डगमगत, पाय खाली टेकवत. परत आली, यांच्यासमोरून तशीच पुढं गेली. दुसरी फेरी पहिलीपेक्षा सरळ होती. तिसऱ्या फेरीला ती केरबांच्या पुढ्यात येऊन अलगद थांबली आणि गाडी न्यूट्रलला घेतली. चेहरा लाल झाला होता, श्वास चढला होता.

"मेस्त्री, दुसरा गिअर टाकताना खट्ट आवाज येतोय. आधी येत न्हवता."

केरबांना ते लागलं. "नवीन पार्ट हायत, बाई. बसतील हळूहळू."

"बसायचा आवाज येगळा असतोय."

केरबा पुटपुटत खाली वाकले, गिअरच्या दांड्याला हात घातला आणि हलवून बघितला. मग पिशवीतून पाना काढून त्यांनी एक बोल्ट पाव फेरा आवळला.

"आता बघा," ते म्हणाले.

आईनं मुलांकडं बघितलंही नाही. ती चौथ्या फेरीला निघाली होती.