आमच्या आजीची हडळ केली

"दिवा लाव की गं आधी!" आजी टीव्हीकडे बघून ओरडायची. तिकडे सिनेमातली पोरगी एकटीच पडक्या बंगल्यात शिरत असायची, दार करकरत असायचं, आणि इकडे आजी माझ्या खाणावळीच्या बाकावर बसून कपाळाला हात लावायची. "एवढी शिकलेली, अन् अंधारात चाचपडतीया. बटन न्हाई व्हय त्या घरात?"

भुताचे सिनेमे तुम्हीही पाहिले असतीलच. नेमकी तेव्हाच मोबाईलची रेंज जाते, तेव्हाच गाडी बंद पडते, तेव्हाच काळं मांजर आडवं जातं. आणि गावाच्या कडेला एक म्हातारी असतेच असते. पांढरे केस मोकळे, दात पडलेले, रोखून बघणारी. म्हातारी बाई म्हणजे हडळ, हे या लोकांनी ठरवूनच टाकलंय. का म्हणून? म्हातारं होणं हा काय गुन्हा आहे? माझं तर डोकंच फिरतं.

आमची आजी म्हणजे सगळ्या गावाचीच आजी, भंडारदऱ्यात बाळांना न्हाऊ घालायची. माझ्या खाणावळीच्या मागेच तिचं घर. पाटावर बसून पाय लांब करायची, पायांवर बाळ घ्यायची, तेल चोळून कढत पाणी घालायची. मग ओव्याची धुरी द्यायची. शेवटी बाळाच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. "कुनाची नजर नगं लागू माज्या सोन्याला." माझी दोन्ही पोरं तिच्याच पायांवर न्हाली.

एकदा शूटिंगवाले आले. जेवायला माझ्याकडेच असायचे. त्यांना एक म्हातारी हवी होती. आजीला म्हणाले, "तुम्ही रोज करता तेच करायचं. बाळाला आंघोळ घालायची." आजी केवढी खूश! "माजं काम शिनेमात दावनार म्हंत्यात," असं सगळ्यांना सांगत तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. त्या शहाण्यांनी ते बाजूला ठेवायला लावलं. पांढरं नेसवलं, केस सोडले, तोंडाला पावडर फासली आणि हातात प्लॅस्टिकची बाहुली दिली. तिला बिचारीला वाटलं, सिनेमात असंच नटवत असतील.

सिनेमा मोबाईलवर आला. तोच पाट, तेच पाय, तीच धुरी. पण वरून असलं भेसूर संगीत चढवलेलं की तिने बोटं मोडली तर हाडं मोडल्यासारखं वाटावं. जे ती माया म्हणून करायची, तेच उचलून यांनी भीती म्हणून विकलं. लाज नाही वाटली मेल्यांना!

गावातली पोरं तिला बघून पळायला लागली. मोठी माणसं हसायची. त्या हसण्याचा मला जास्त संताप यायचा.

"शिनेमाय गं त्यो," आजीच मला समजवायची. "चार दिसात इसरतील."

कसले विसरतात! शेजारच्या सुमनची रूपाली बाळंतपणाला माहेरी आली. तान्ही असताना रूपालीलाही आजीनेच न्हाऊ घातलेलं. मुलगी झाल्याचं कळलं तशी आजी रोज सकाळी बंबात पाणी तापवायची आणि लुगडं खोचून तयार बसायची. बोलावणं काही येईना. शेवटी मीच सुमनच्या दारात गेले.

"वैनी, राग नगा धरू," सुमन म्हणाली, "पन रूपालीला भ्या वाटतं. आजी दिसली की त्येच डोळ्याम्होरं येतं म्हनती."

"आजीच्याच पायावर तुझी पोरगी मोठी झाली ना? तेव्हा कुठं होतं भूत?"

"तिच्या सासरच्यांनीबी बघितलाय शिनेमा. उगा कशाला?"

मी गल्लीभर ऐकू जाईल असं बोलून आले. उपयोग शून्य. आजीलाही ते ऐकू गेलं होतं. तिने तापलेलं पाणी बादलीत काढून धुणं भिजवलं.

"लेकराचं डोकं धरत्यात का गं नीट?" तेवढंच म्हणाली. "न्हाईतर पानी डोळ्यात जातं."

त्याच वर्षी थंडीत आजी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. बोलावणं शेवटपर्यंत आलं नाही.

दहाव्यानंतर रूपाली माझ्याकडे आली, कडेवर पोरीला घेऊन. "काकू, माझं चुकलं," म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या तोंडाशी चार शब्द आले होते, पण गिळले. मोबाईल काढला, सिनेमातला तेवढा भाग लावला, आवाज बंद केला आणि तिच्या हातात दिला.

"आता बघ."

संगीत गेलं तसं भूतही गेलं. पाटावर आमची आजी बसली होती, पाय लांब करून. एका हाताने तांब्यातलं पाणी ओतत होती. दुसरा हात त्या प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या कपाळावर आडवा धरला होता, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून.