अक्काला आणायला देवणीला, कमी हवेच्या टायरांवर

नांदेडहून देवणीला स्वतःची गाडी घेऊन जायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी हे वाचावं आणि मगच निघावं. मी सातवीपर्यंत शिकलेला, जन्मभर पिठाची गिरणी चालवलेला माणूस. लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. रस्ता मात्र मी डोळ्यांनी पाहिलाय.

जायचं ठरलं ते सुमनमुळे, म्हणजे माझ्या बायकोमुळे. तिची थोरली बहीण अक्का देवणीत एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सुमन तिला कायमचं आमच्याकडे राहायला बोलवायची आणि ती दरवेळी नाही म्हणायची. या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली आणि आपण होऊन फोनवर म्हणाली, "येते बाई. पण एष्टीत माझे गुडघे चढत न्हाईत. पाव्हण्यांना गाडी घेऊन यायला सांग." सुमनने त्याच दिवशी खिडकीकडची खोली झाडून काढली.

माझी मात्र झोप उडाली. आमची गाडी जुनी. पुढचे दोन टायर मी नवीन घातले होते, कारण वळतात ती पुढची चाकं, तेव्हा चांगला माल पुढे, असं माझं डोकं. मागे उजवीकडे घासून गुळगुळीत झालेला टायर आणि डावीकडे स्टेपनीचा, वेगळ्याच नक्षीचा. निघायच्या आदल्या दिवशी चारही चाकांतली हवा कमी करून घेतली. उन्हाळ्यात आमच्याकडे बरेच जण तेच करतात. डांबर तापतं, आतली हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून आधीच काढून टाकायची.

सकाळी लवकर निघालो. लोह्यात चहा. अहमदपूरपर्यंत रस्ता छान आहे, पण स्टेअरिंग जड लागत होतं आणि गाडी सारखी डावीकडे ओढत होती. "रस्ताच उतरता असंल," सुमन म्हणाली. अहमदपुरात गरम सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, खाल्ला. तिथे गेलात तर जरूर खा. मला काही तो गोड लागला नाही. शेजारीच पंक्चरवाला होता, त्याला विचारलं, "हवा लई कमी वाटते का?"

"उन्हाळा हाय काका. वाढवाल तर वाटंत बार उडंल."

मला तेच ऐकायचं होतं. शिरूर ताजबंदला डावीकडे वळलं की उदगीरचा रस्ता लागतो, तिथून पुढे देवणी. जाऊन-येऊन पेट्रोल दीड हजारात बसतं.

अक्काच्या शेजारच्या दारात लांब कानांचा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा देवणी जातीचा वळू बांधला होता. अक्काने सगळी बांधाबांध करून ठेवली होती. ज्वारीची दोन पोती, तुरीच्या डाळीचं एक, पत्र्याची पेटी आणि पाटा-वरवंटा. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडं मिक्सर हाय."

"असू द्या. पाटा-वरवंटा माय-लेकरू असतेत. घर सोडताना मागं ठेवायचं न्हाई, आन् दोघांची ताटातूट बी करायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटा डिकीत तळाला गेला, वर पोती. वरवंटा घरंगळेल म्हणून अक्काने फडक्यात गुंडाळून पायाशी घेतला. शेजारीण दारातून ओरडली, "अक्का, गाव उचलून नेता का?"

"गाव ऱ्हाऊ दे तुला. मी घर नेते!"

"अवो, गाडी मागून लई बसली," सुमन म्हणाली. वजनाने बसणारच, असं मी म्हटलं. हवेचं नाव कुणी काढलं नाही.

दोघी बहिणी मागे बसल्या. लोणचं कुणी घालायचं यावरून त्यांचं भांडण आणि हसणं चाललं होतं. इतकं हसताना सुमनला मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. माझं लक्ष मात्र मागच्या चाकांत होतं. मागची बाजू सैल जुंपलेल्या बैलगाडीसारखी आपल्याच मनाने डुलत होती. म्हणून अगदी हळू चालवत होतो.

उदगीर मागे पडल्यावर एका वळणावर समोरून एक बस ट्रॅक्टरला ओलांडत आमच्या बाजूला आली. मी डावीकडे घेतलं आणि लगेच उजवीकडे. पुढची चाकं ऐकली, मागची ऐकली नाहीत. गाडीची शेपटी गर्रकन फिरली, आणि थांबलो तेव्हा तोंड परत उदगीरकडे होतं, मागची चाकं कडेच्या मुरमात. कुणाला खरचटलंही नाही.

उदगीरकडे जाणारी एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरला, मागच्या चाकाला पाय लावून म्हणाला, "काका, पुढं नवे बूट आन् मागं फाटक्या चपला? आन् हवा कुठंय ह्यात?"

सुमन दहावी शिकलेली. ती माझ्या उघड्या दारापाशी उभी राहून चौकटीवर चिकटवलेला कागद वाचत होती. तो मी इतकी वर्षं कंपनीची जाहिरात समजत होतो. "गाडी भरलेली असली की मागं हवा जास्ती भरा, असं लिवलंय हितं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

अक्का गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसली होती. "सुमे, मी जाते माघारी."

"अक्का, हवा भरून घेऊ. हळू नेतेत की ते."

"हळूच आणलं होतं की आतापस्तोर."

मी हात जोडले. ती म्हणाली, "पाव्हणे, तुमच्यावर राग न्हाई. पण माझ्यानं आता गाव सोडवणार न्हाई." सुमन तिच्याबरोबर जीपमध्ये चढायला लागली, तर अक्काने तिला खाली ढकललं. "त्यांना एकल्याला सोडतीस व्हय ह्या गाडीत?"

जीपमधले लोक घाई करत होते. अक्का पिशवी आणि वरवंटा घेऊन बसून गेली. पोती, पेटी आमच्या गाडीतच राहिली, आणि त्यांच्याखाली पाटाही, हे आमच्या ध्यानात आलं ते जीप दिसेनाशी झाल्यावर.

पुढच्या पंपावर हवा भरली आणि नांदेडला आलो. सुमन सगळी वाट मागेच बसली होती, एकटी.

आता मला कळतं. हवा कमी असली की टायरची कड दुमडते, जास्त तापते, आणि ज्याची भीती तेच होतं. चांगले टायर मागे लागतात, नाहीतर शेपटी फिरते. एका दांड्यावर, म्हणजे डाव्या-उजव्या जोडीच्या चाकांना, दोन जातींचे टायर घालू नयेत. मी मागे एकसारखे नवे घातलेत, हवा दर आठवड्याला बघतो. गाडी सरळ चालते आणि कुठेही जात नाही.

"चल, अक्काला आणू," मी मधूनमधून म्हणतो. सुमन म्हणते, "ती येणार न्हाई."

खिडकीकडच्या खोलीत भिंतीला पाटा उभा आहे. सुमन तो धुते, पुसते, त्याच्यावर काही वाटत मात्र नाही. अक्काचा फोन येतो तेव्हा ती आधी विचारते, "पाटा कसा हाय?"

"हाय," सुमन म्हणते, आणि मग विचारते, "आन् वरवंटा?"